चौथीच्या वर्गातली जागा

वनिता, तुझ्या शाळेत सभा झाली तवा मला म्हणले, आजी, दोन शब्द बोला. मी उभी राह्यले. समोर तुझा फोटो, हार घातलेला. फोटोत बी तुझी मान जराशी वाकडी, कायतरी जाग्यावर न्हाई म्हणून बघायलीस अशी. पदर तोंडाला लावला आन् खाली बसले. लोकायला वाटलं म्हातारी रडायली. रडत नव्हते मी. सुनेशी बोलायचं ते गावापुढं कावून बोलू?

आता घरात कुणी न्हाई. बाळूनं मोबाईल पुढं ठेवलाय. म्हणला, "माय, बोल तुला काय बोलायचं ते. मी मंग लिहून काढतो." आन् तो गेला नेकनूरला, पाण्याच्या मोटारी गुंडाळायच्या दुकानात. बायकूला बोललेलं त्याला ऐकवत न्हाई. नात बी अंबाजोगाईला कालेजात परत गेली. तर आता मी हाय आन् तू हाईस.

तू कशानं गेलीस, कोण्या दवाखान्यात नेलं, ते मी काढत न्हाई. ज्यानं त्यानं इचारलं, सांगून सांगून जीभ वाळली. संक्रांत झाली व्हती. बुधवारी शाळंतून आलीस, डोकं दुखतंय म्हणलीस, आन् आडवी झालीस. एवढंच मला ठावं हाय. तुला बी तेवढंच ठावं असंल.

पण फळीवर बेस्तरवार, शुक्रवार आन् शनिवार तसेच भरलेले राह्यले गं. त्याचं काय करायचं ते सांगून गेली न्हाईस.

ऐतवारी जेवणं झाले की तू ओसरीत चटई टाकायचीस आन् सहा डबे मांडायचीस. सोमवारचा एक, मंगळवारचा एक, असे शनिवारपतोर. एकात चिंचोके, एकात खराट्याच्या काड्या, धा-धाच्या जुड्या बांधलेल्या. कशात चिठ्ठ्या, कशात कापलेले कागदं. ज्या दिवशी जे शिकवायचं ते त्या डब्यात. खडू बी मोजकेच, ज्याचे त्याला. मी भितीला टेकून चिंचोके निवडायची. किडके भाईर, चांगले तुझ्याकडं. आन् बोलायची.

"शाळा हाय का लग्नाचं रुखवत?"

"रुखवतच हाय आत्या. रोजचं येगळं."

"बाकीचे मास्तर न्हाई करीत असलं."

"त्यायचं त्यायला. सकाळी घंटा झाली की समदी लेकरं माझ्या हाताकडं बघतेत. तवा मी खडू हुडकत बसले का, वर्ग हातचा गेला. मंग दिसभर वरडा."

"तू वरडतीस व्हय? तुझं वरडणं मांजराला ऐकू येत न्हाई."

"म्हणून तर डबे भरते ना."

हसायचीस मंग. आवाज न करता हसायचीस, नुसते खांदे हलायचे.

आता ऐतवार आला की मला घरात बसवत न्हाई. हात मोकळे राहतेत. परवा जेवून उठले, अंगणात गेले आन् चिंचंखाली वाकून चिंचोके येचायले. शेजारीण म्हणली, आजी, कशाला? ओटीत होते तेवढे घेऊन घरी आले. ओसरीत बसले. डब्याचं झाकण लागल्यावानी आवाज झाला, माजघरात. टक. मी उठले न्हाई. उठून काय बघणार.

तुझा राग कसा व्हता, सांगू? तू बोलायची न्हाईस. आमी काय इसरलो, कुठं टाकलं, तर उचलून जाग्यावर ठेवायचीस, बस. बाळूचा पाना, माझी इळी, काडेपेटी. मला लई राग यायचा त्याचा. बोलली असतीस तर मी बी बोलले असते. तू गेल्यावर एक दिस मी इळी चुलीपाशीच इसरले. दिवेलागणीला बघते तर खिळ्याला टांगलेली. बाळूला इचारलं, तू टांगली का रे? म्हणला न्हाई माय, तूच टांगली असशील. मी टांगली न्हाई. दोघायपैकी एक जण इसरायलंय, एवढं खरं. मी त्याला म्हणलं, हां, मीच असंन.

तुझं आन् माझं एक भांडण राह्यलंय बघ. पिशव्याचं.

तुझ्या वर्गाच्या मागच्या भितीला खिळे. दरेक लेकराची एक पिशवी. पिशव्या मीच शिवल्या, पण कापड तू ज्याच्या त्याच्या घरून आणायला लावायचीस. कुणाच्या मायच्या लुगड्याचं, कुणाच्या बापाच्या सदऱ्याचं. पयलीला घेतलेली लेकरं तू चौथीपतोर न्यायचीस; पयलीतल्या लेकराला नाव वाचता येत न्हाई, पण मायचं लुगडं वळखू येतं, म्हणायचीस. पाटी, पुस्तक, पेन्सिल, समदं त्यात. लेकरू आलं का पिशवी काढती, जाताना टांगती. तुला हुडकावं लागत न्हाई, त्याला बी न्हाई.

इथपतोर मला काय म्हणायचं नव्हतं. पण दसरा झाला का आर्धी पोरं मायबापासंगं ऊस तोडायला जायाची. टोळी कुठल्या कुठं, कर्नाटकापतोर. आन् तू त्यायच्या पिशव्या भितीलाच ठेवायचीस. खाली बसकरपट्टीवर त्यायच्या जागा मोकळ्या. कुणाला बसू द्यायची न्हाईस. आलेली चार पोरं लांब लांब बसलेली, मधी भोकं पडलेले. पडक्या दातावानी दिसायचा वर्ग.

मी दारातून पयल्यांदा बघितलं तवाच म्हणलं, "आगं, अशी मोकळी जागा मेलेल्या माणसाची ठेवतेत. जित्या लेकराची कावून ठेवतीस? अवदसा येईल."

तू म्हणलीस, "न्हाई आत्या. जागा भरली का माणूस यायचं इसरतंय."

"तू ठेवलीस म्हणून येणार हायेत व्हय?"

"येतेत का न्हाई बघाच."

तुझं वर्ष बी तसंच लावलेलं. पुस्तकात कायबी असू दे, अवघड ते आधी. भागाकार पावसाळ्यातच. जाणाऱ्या लेकरायच्या गाठीला दसऱ्याच्या आत बांधून द्यायचं, आन् गुढीपाडव्याच्या नंतरचे दिस मोकळे ठेवायचे, आलेल्यायला सावरून घ्यायला. मधल्या काळात राह्यलेल्यायला तेच पुन्यांदा, सावकाश. शाळंतले हसायचे, बाईचं वर्ष दसऱ्याला संपतंय म्हणून. हसू दे. पण पिशव्या मला पटल्या न्हाईत. दर साली मी म्हणायची, काढ त्या. दर साली तू म्हणायचीस, राहू द्या.

आता सांगते, मला का पटल्या न्हाईत ते.

मी बी शाळंत गेलते. दुसरीत. दिवाळीपतोर. पोतं घरून न्यायचं बसायला. माझं पोतं दारापाशी असायचं, तिथं वारं लागायचं. मंग टोळीसंगं गेले. लहान भाऊ व्हता, त्याला कोपीवर, पाचटाच्या खोपटात, धरायला कुणी पायजे व्हतं. उन्हाळ्यात परत आले, पोतं घेऊन शाळंत गेले, तर तिथं दुसरी पोरगी बसलेली. मास्तर म्हणले, तू कोण? तुझं नाव आता न्हाई. मी पोतं बगलंत मारलं आन् घरी आले. माय म्हणली, बरं झालं आलीस, दळण घालून ये. मी दळण घालून आले. झालं. त्याच्यावर कुणी काय बोललं न्हाई, मी बी न्हाई. पुढं कोयता आला हातात, लगीन झालं, बाळू उसाच्या फडातच वाढला. त्याचं दुःख न्हाई सांगत. समद्यायचं तेच व्हतं.

पण तुझ्या भितीवरच्या पिशव्या बघितल्या का मला त्या दारापाशी उभं राह्यल्यावानी व्हायचं. म्हणून म्हणायची, काढ. आन् हे तुला कधी सांगितलं न्हाई. एवढे ऐतवार संगं बसलो, किती तरी बार तोंडात आलं आन् गिळलं. सुनेला कीव येईल. सुनेची कीव नको वाटायची. आता तू कीव करायला न्हाईस, म्हणून सांगायले.

शनिवारच्या डब्यात फणी, तेलाची बाटली आन् नखं काढायचं कटर. शनिवारी नखं. दुपारी शाळा सुटून आलीस का त्याच कटरानं माझी बी काढायचीस. माझं ते बोट, कोयत्यानं शेंडा गेलेलं, त्याचं नख वाकडं येतंय, मासात घुसतंय. डॉक्टरनं बी दुखवलं व्हतं. तू कधी दुखवलं न्हाईस. बोट गरम पाण्यात धरायचीस आन् इकडचं तिकडचं बोलत राह्यायचीस, मधीच टक. आता वाढलंय ते. बाळू म्हणला, आण मी काढतो. नको म्हणलं.

आन् शनिवारचाच तो फोन.

नखं झाली का टोळीवरल्या लेकरायला तू फोन लावायचीस. कुणाचा लागायचा, कुणाचा न्हाई. लागला त्याला पाढा म्हणायला लावायचीस, धडा वाचून घ्यायचीस. चौथीतली कोमल, भागवतची पोरगी, तिचा तर तिकडूनच यायचा. तिची माय कोपीवर बाळंत झाली, म्हणून भागवत मोबाईल कोपीवर ठेवून फडात जायाचा. बाळ कोमलपाशी, मोबाईल बी कोमलपाशी. भागवतनं तुला शब्द दिल्ता, पाडव्याला पोरगी आणून शाळंत बसवतो म्हणून. तू त्याला म्हणली व्हतीस, जागा मी ठेवते, पोरगी तुमी आणा.

तू गेलीस त्याच शनिवारी फोन वाजला. घर माणसानं भरलेलं, मी कोपऱ्यात. फळीवर तुझा मोबाईल. कुणी उचलंना. मी उचलला.

"बाई, म्हणू का?"

म्हणलं, "कोण गं?"

"मी कोमल. आजी व्हय? बाई कुठंय?"

वनिता, मी म्हणलं, "कामात हाय. म्हण तू. मी ऐकते."

"तेराचा म्हणते."

म्हणली. मागं बाळ रडायलं, ती त्याला हलवायली, म्हणून पाढा बी हलत हलत यायला. "बरूबर हाय का?" म्हणली. हाय म्हणलं. मला काय ठावं.

मंग दर शनिवारी तेच. मी डबा मांडीवर घेऊन फोनची वाट बघायची. तो डबा शाळंत दिला न्हाई, बाकीचे दोन बाळूसंगं धाडले. फोन वाजला का उचलायची, बाई कामात हाय म्हणायची. ती म्हणायची, बाईला सांगा नखं काढलेत. बाळाचे बी काढलेत, दातानं. मी म्हणायची, सांगते. आन् फोन ठेवला का खरंच वाटायचं, सांगावं, आत चुलीपाशी असशील. समद्या गावात तू मेली व्हतीस. त्या एका कोपीवर तेवढी जिती व्हतीस. मला ते मोडवंना.

एका शनिवारी तिनं पाढा म्हणलाच न्हाई. मंग म्हणली, "आजी, बाई माझ्यावर नाराज हाय का? बोलत कावून न्हाई?"

ते मला सोसलं न्हाई. म्हणलं, "बाप हाय का तिथं? त्याला दे."

फड संपत आला व्हता, भागवत कोपीवरच व्हता. मी त्याला सांगितलं.

"कवा?" म्हणला.

"संक्रांतीच्या पुढं."

"आन् मावशी, तुमी इतके दिस..."

"ते राहू दे. कोमलला पाडव्याला आणतूस ना?"

"बाईला शब्द दिल्ता मावशी मी. आता बाईच न्हाई..."

"बाई मेली. शब्द मेला का?"

"तसं न्हाई ओ. घरी लेकराला धरायला कुणी पायजे. हिची माय बी आता कामाला लागंल. आन् नवा मास्तर कोण, कसा, वर्गात तिची जागा तरी हाय का न्हाई..."

"हाय," म्हणलं मी. "जागा हाय. मी बघितलीय."

बघितली नव्हती गं. सभा झाल्यापून मी शाळंकडं फिरकले नव्हते.

दुसऱ्या दिवशी ऐतवार. सोमवारी गेले. तुझ्या जागी आलेले सर तरणे हायेत, परळीकडचे. पोरगं वाईट न्हाई. तुझ्यावानी डबे भरत न्हाई, पण खडू खिशात मोडून ठेवतंय, हुडकत बसत न्हाई. तुला आवडला असता. त्यानं वर्ग त्याच्या परीनं नीट लावला व्हता. भोकं बुजवलेली. समदी पोरं जवळ जवळ. भितीवर रंगीत तक्ते, पिशव्या कुठंच न्हाईत.

"पिशव्या कुठं गेल्या सर?"

"पोत्यात भरून ठेवल्यात आजी. गैरहजर पोरांचं सामान भिंतीवर दिसलं की तपासणीवाले विचारतात, पोरं कुठंयत."

"उसात हायेत म्हणून सांगायचं."

सर हसले. "आजी, कागदावर असं सांगता येत नाही."

कोमलची जागा खिडकीच्या बुडाला, दुसऱ्या पट्टीवर, तूच सांगितलेली. तिथं दोन पोरं बसलेली. मी म्हणलं, सरका रे. ते सरकले. मी भितीला हात लावून खाली बसले.

"आजी, काय करायलात?"

"बसायले."

"इथं?"

"ही कोमलची जागा हाय. ती येईपतोर धरते."

"ती आल्यावर मी करून देतो की जागा."

"करून द्यायची न्हाई सर. हाय म्हणून सांगितलंय मी तिच्या बापाला."

पोरं फिदीफिदी हसायली. एकजण म्हणलं, "आजी, गृहपाठ केला का?" दुसरं म्हणलं, "आजी कापीच करणार बघ." हजेरी झाली तर मागून कोण तरी वरडलं, "आजी हजर!" सराला बी हसू आलं. त्यानं मला उठवलं न्हाई, त्याचं भलं होवो.

तिथून खुर्ची सरळ दिसती, वनिता. तुझी. सर तिच्यावर बसत न्हाईत, उभं राहून शिकवतेत, आन् मी तर खालून बघायली, लेकरं जिथून बघतेत तिथून. मी कधी तुला शिकवताना बघितलंच न्हाई. तू म्हणायचीस, या आत्या एकदा वर्गात बसायला, आन् मी म्हणायची, मला न्हाई वेळ. आता बसले तर खुर्चीमागं फळ्यावर ऊन पडलेलं, तुझ्या उंचीपतोर. वाटलं, आता वळशील आन् म्हणशील, मागच्यायला दिसायलंय का? मी हात वर केला असता. दिसायलंय म्हणून.

रोज जायाची. भाकरी बांधून. गुडघे दुखायचे, बाळू चिडायचा, "माय, लोक हसायलेत, माझी बी अब्रू हाय का न्हाई?" मी म्हणलं, तू तुझ्या मोटारी गुंडाळ. पाडवा झाला. एक एक टोळी यायली. रस्त्यानं ट्रॅक्टर धडधडला का समदी पोरं खिडकीत, आन् मी खाली बसलेली. उठून बघावं वाटायचं, पण उठले तर ही नाठाळं पसरून बसतील. आलेल्या लेकरायला मी पोत्यातून पिशव्या काढून दिल्या. कापडं बघून त्यायनीच वळखल्या. सरायनी आपसूक तक्ते वर सरकवून खाली खिळे मारले.

कोमलचा फोन मातर त्या दिवसापून आला न्हाई. मी लावावा, तर मला लावता येत न्हाई. बाळूनं लावला, तर बंद. लोक म्हणले, भागवतची टोळी दुसऱ्या कारखान्यावर गेली, येत न्हाई यंदा. लोक म्हणले, पोरीला मावशीकडं ठेवली. मला वाटायलं, मी सांगायलाच नव्हतं पायजे. पाढा ऐकत राह्यले असते, तू कामात असतीस, पोरगी आली असती. हे मी तुलाच इचारत व्हते, रोज, त्या पट्टीवर बसून. तू नुसती मान वाकडी करून बघायलीस.

आज सकाळी सर काहीतरी लिहायला लावत व्हते. दारात सावली पडली. मी बघितलं. कोमल. उन्हानं काळी ठिक्कर, केसं पिवळे पडलेले, कडंवर बाळ. भागवत अंगणात नळाला तोंड धुवायला. ती सरायकडं बघंना, खुर्चीकडं बघंना. नीट पट्टीवरून चालत आली आन् माझ्यापुढं उभी.

"आजी, उठा की. ही माझी जागा हाय."

बाजूची दोन पोरं सरकली.

माझ्या पायाला मुंग्या आलत्या. खिडकीचा गज धरून उठले. आजपतोर मला कुणी उठ म्हणलं आन् बरं वाटलं, असं झालं नव्हतं. कोमलनं बाळ माझ्या हातात दिलं आन् बसली, मांडी घालून.

बाळ रडायलं. मी त्याला घेऊन भाईर आले, लिंबाखाली. उद्याच्याला बी मीच धरते म्हणून भागवतला सांगितलं, तो डोळ्यावर पाणी मारत राह्यला. आतून सरायचा आवाज यायला. मी वळून बघितलं न्हाई, वनिता. बघितलं असतं तर तू खुर्चीत दिसली असतीस, आन् मला बाळाला झोपवायचं व्हतं.